आधी रक्त, मग परात

"मला काय धाड भरलीया?" नाथाजी सुभेदारांनी चहाची बशी खाली ठेवली. "खाल्लेलं पचतंय, रानात जातोय. तपासायचं कशाला?"

त्यांच्या बायकोनं, अंजनाबाईंनी ती उचलली. हे उत्तर त्यांना पाठ होतं. दोन वर्षांपूर्वी थोरले दीर लालासाहेब हेच म्हणायचे. लघवीला त्रास होतोय, हे त्यांनी वर्षभर घरात कुणाला कळू दिलं नव्हतं. प्रोस्टेटचा कॅन्सर निघाला, तेव्हा डॉक्टरांच्या हातात काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून अंजनाबाई सांगलीच्या 'बापमाणूस' संस्थेचं काम करत होत्या. संस्था देणग्या गोळा करून गावोगाव पुरुषांचं रक्त याच कॅन्सरसाठी तपासायची. गेल्या खेपेला त्यांच्याच गावात, कुंडलात मांडव घातला, तर आपापल्या नवऱ्यांचं विचारायला साठ बायका आल्या आणि पुरुष आले तीन. त्यातले दोघे सावलीला. पेन्शनच्या कागदांसाठी सांगलीला हेलपाटे घालणारे सुभेदार घरापासून शंभर पावलांवरच्या मांडवात फिरकले नाहीत.

त्या दुपारी जेवताना सुभेदारांना लष्कर आठवलं.

"लेहला हुतो तवा पोरांना भाकरीची याद आली, की मीच थापायचो. पन्नास-पन्नास." त्यांनी भाकरीचा पापुद्रा सोलला. "आपल्या गावात एका गड्याला येती का बघ. नुसत्या मिशा वाढवल्यात."

ताकाचा तांब्या अंजनाबाईंच्या हातातच राहिला. जेवणं उरकायच्या आत त्यांनी संस्थेच्या डॉक्टर स्वानंदीला फोन लावला.

चार दिवसांत चौकात फलक लागला. पुरुषांची भाकरी स्पर्धा! ज्याची भाकरी, ती लिलावात त्याच्याच बायकोनं सोडवायची आणि पैसे संस्थेच्या तपासणी गाडीला द्यायचे. खाली बारीक अक्षरात एक नियम होता : परातीला हात लावण्याआधी स्पर्धकाने तपासणीसाठी रक्त देणे बंधनकारक.

"आवं, तुमाला आता झेपायचं न्हाई," अंजनाबाईंनी मुद्दाम डिवचलं.

"न्हाई व्हय? घाल माझं नाव. पैलं घाल."

अंजनाबाई स्वयंपाकघरात गेल्या आणि एकट्याच हसल्या.

स्पर्धेच्या दिवशी शाळेच्या पटांगणात चुली पेटल्या. अख्खं गाव लोटलं होतं. पण दारातच रक्ताचं टेबल बघून पुरुष मंडळी थबकली. सुभेदारांचा शाळूसोबती बिरदेव सगळ्यांत आधी मागं वळला.

"भाकरीला रगात कशाला लागतंय? मी चाललो घरला."

त्याच्या मागं आणखी चार-पाच जण वळले. अंजनाबाई त्यांना अडवायला निघाल्या. तेवढ्यात सुभेदार गर्दीतून पुढं आले, खुर्चीत ताठ बसले आणि त्यांनी बाही वर केली.

"बायका चार-चार लेकरं जन्माला घालत्यात, आन् तुमी सुईला भ्याताय व्हय रं? बिरदेव, माझ्या मागं हुबा ऱ्हा!"

बिरदेव येऊन मागं उभा राहिला. मग रांग लागली, ती थेट फाटकापर्यंत. सेहेचाळीस पुरुषांनी रक्त दिलं.

पुढचे दोन तास पटांगण हसून हसून लोळलं. कुणाचं पीठ कोपरापर्यंत चढलं, कुणाची भाकरी तव्यावर टाकताना चुलीत गेली. बिरदेवच्या भाकरीला कर्नाटकाच्या नकाशाचा आकार आला.

"इकत घीन," त्याची बायको धोंडुबाई लिलावात ओरडली, "पन खाणार न्हाई!"

सुभेदारांची भाकरी मात्र टम्म फुगली. पहिला नंबर त्यांचाच आला. अंजनाबाईंनी ती सगळ्यांत मोठ्या बोलीला घेतली.

आठ दिवसांनी स्वानंदीचा फोन आला. सुभेदारांचं सगळं व्यवस्थित होतं. अंजनाबाईंनी देवापुढं साखर ठेवली आणि आळीभर पेढे वाटले.

"बगा, माझ्या युक्तीनं कसं तपासून घेतलं तुमाला!"

"हरलो बाबा," सुभेदार म्हणाले.

पण सेहेचाळिसांतल्या दोघांचं रक्त ठीक नव्हतं. त्यातला एक बिरदेव. महिन्याभरात पुढच्या तपासण्या झाल्या आणि कॅन्सर पक्का ठरला. "अगदी सुरुवातीला सापडलाय. यंत्रानं पाच वेळा किरणांचा शेक द्यायचा, बरे होतील," स्वानंदीनं धोंडुबाईंना समजावलं. बिरदेवनं मात्र अंथरूण धरलं. दवाखान्याचं नाव काढलं, की तो भिंतीकडं तोंड करायचा. शेवटी सुभेदार गेले, त्याला उठवलं, सदरा घातला आणि मोटरसायकलवर मागं बसवून सांगलीला घेऊन आले.

शेक द्यायच्या खोलीबाहेर दोघं बाकावर बसले. बिरदेव सारखा दाराकडं बघत होता.

"लय दुखत असंल का रं, नाथा?"

"न्हाई गड्या. पाठीवर पडून ऱ्हायचं. यंत्र आपलं आपण फिरतंय. भाईर आलं की भूक लागती बग. फाटकाजवळ वडा चांगला मिळतोय."

"तुला काय ठावं?"

सुभेदारांनी इकडं-तिकडं बघितलं. मग आवाज खाली आणला.

"गेल्या साली पाच येळा ह्याच बाकावर बसलोय मी. एकटा."

बिरदेव त्यांच्याकडं वळला. "आन् वैनीला?"

"दादाच्या वक्ताला तिनं अन्न सोडलं हुतं. म्हणून न्हाई बोललो. तूबी बोलू नगंस." आतून नाव पुकारलं, तसा सुभेदारांनी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि ते हसले. "भाकरीची युक्ती आपली आपल्यालाच सुचली, असं वाटतंय तिला. वाटू दे."