एक मात्रा मागे

या, असे जवळ सरकून बसा. एका तबकडीची गोष्ट सांगायची आहे, आणि त्या तबकडीतून वगळलेल्या बाईची.

लोकांना पुन्हा काळ्या तबकड्यांचं वेड लागलेलं. जुनी कॅसेट आणून द्यायची, तिची तबकडी करून न्यायची. रेकॉर्डवाल्याला मान वर करायला फुरसत नव्हती. बुवांचं काम मात्र त्याने मन लावून केलं होतं. उभा जन्म कीर्तनं केलेला माणूस, आता सहा वर्षं गाणं बंद. उरली होती ती एवढी एकच कॅसेट. तिची पट्टी कशीबशी एकदा वाजली आणि तुकडे तुकडे झाली, पण तेवढ्यात आवाज उतरवून झाला होता. मग त्याने खरखर, भांड्यांचा खडखडाट, मागे पंख्यासारखं काहीतरी घुमत होतं तेही, सगळं वेचून काढलं.

आज बुवा लेकीला घेऊन तबकडी न्यायला आले होते. सुई टेकली. आवाज इतका स्वच्छ, की लेकीने वळून वडिलांच्या मिटल्या ओठांकडे पाहिलं.

दोन कडवी झाली तसं बुवांनी विचारलं, "आणि ही कुठे गेली?"

रेकॉर्डवाल्याला उमजेना. लेकीने हळू आवाजात सांगितलं, की बाबा गायचे तेव्हा आई स्वयंपाकघरातून गुणगुणायची, नेहमी एक मात्रा मागे. बाबा चिडवायचे, तुझी गाडी कधीतरी वेळेवर येऊ दे. सहा वर्षांपूर्वी ती गेली. तिचा आवाज दुसरीकडे कुठेच नाही.

काढलेला कचरा वेगळा ऐकायचा आणि मगच फेकायचा, असं रेकॉर्डवाल्याला गुरूने शिकवलं होतं. घाईत त्याने तो ऐकला नव्हता. फेकायचाही राहिला होता, ही देवाचीच कृपा.

त्याने तो लावला. आधी नुसती खरखर. मग तिच्यातून एका बाईची गुणगुण. पेटी नाही, शब्द नाहीत; ती एकटीच कुणाच्या तरी मागोमाग जात होती.

खाली मान घालून तो म्हणाला, की दोन्ही जोडून नवी तबकडी करून देतो.

"नको," बुवा म्हणाले. "कॅसेट बिचारी काही टाकत नव्हती. तुम्ही आता हिची एकटीची करा. माझं मी गातो."

आणि गाऊ लागले. आवाज फाटका, पण बरोबर एक मात्रा पुढे.

मध्येच त्यांना ठसका लागला. खरखर चालूच होती, गुणगुण थांबली. रेकॉर्डवाल्याने चपापून यंत्राकडे पाहिलं. त्याने कशालाही हात लावला नव्हता.

"हो, हो, आलो," बुवा पुटपुटले आणि पुढचा शब्द उचलला. मात्राभराने तीही आली.

तुमच्या घरी जुनी कॅसेट लागली, तर गाण्याच्या मागेही कान द्या, आणि त्या माउलीची आठवण ठेवा.