मुकी फळी

"यांना जरा बाजूला व्हायला सांगा," परदेशी तपासनीस म्हणाला. व्यवस्थापकाने फळीमास्तरांकडे पाहिलं.

मास्तर हलले नाहीत. हातात पोछा, पायाशी बादली आणि भोवती हातभर थारोळं.

"पाणी सांडलंय," ते म्हणाले. "साहेब घसरले तर अंतिम सामन्याला त्यांना चौघांनी उचलून आणावं लागेल."

व्यवस्थापकाने यातलं अर्धंच पुढे पोचवलं. तपासनीस ओल्याला वळसा घालून जमिनीवर आखलेल्या पुढच्या चौकोनात गेला. डोक्याच्या उंचीवरून चेंडू सोडायचा, उभ्या पट्टीवर उसळी बघायची, वहीत खूण करायची. चेंडू सगळीकडे कमरेच्या वर येत होता. एकशे साठ चौकोनांतला ओला तेवढा राहिला. तपासनिसाने घड्याळ पाहिलं आणि त्याच्यापुढेही खूण केली. जेवायची वेळ झाली होती.

मास्तरांचं काम त्या क्रीडागृहाची लाकडी जमीन राखायचं. सत्तावीस वर्षांत त्यांनी तिच्यावर पाण्याचा थेंब पडू दिला नव्हता. सख्ख्या बायकोला ओल्या चपलेने आत घेतलं नव्हतं. आणि आज अर्धी बादली स्वतःच्या हाताने ओतली.

कारण थारोळ्याखाली मुकी फळी होती. दाराजवळच्या बास्केटपासून तीन पावलांवर, भिंतीच्या अंगाला. मास्तर नोकरीला लागायच्याही आधी छप्पर गळलं तेव्हा तिच्याखालची पट्टी खचली. वरून काही दिसायचं नाही, पण चेंडू पडला की नुसता थप्प आवाज, आणि उसळी जेमतेम गुडघ्यापर्यंत. एवढ्यावरून जगज्जेतेपदाचा अंतिम सामना दुसऱ्या शहरात गेला असता.

दुरुस्ती तासाभराची. पण मुलगा सहा वर्षांचा होता तेव्हा बाकी जमिनीवरची उसळी त्याच्या तोंडावर यायची, म्हणून मास्तर त्याला त्या फळीवर उभं करायचे. ती त्याची पाटी. चेंडू हाताला लागला तो तिथेच. पुढे मुलगा वाढला, म्हणजे फारसा नाही, पण वाढला. फळी तशीच राहिली.

आता तो देशाच्या संघात होता. सगळ्यांत ठेंगणा. पण समोरच्याच्या हाताखालून चेंडू असा काढून न्यायचा की समोरच्याला ते घरी गेल्यावर कळायचं.

सामना त्यांच्याच क्रीडागृहाला मिळाला. संघही रडतखडत अंतिम फेरीत आला. सामन्याच्या आदल्या दिवशी मुलाचा फोन आला.

"बाबा, आपली ती फळी तशीच आहे ना?"

"तशीच आहे."

"तपासणीवाल्याला नाही सापडली?"

"मी सापडू देतोय होय."

"बरं झालं," मुलगा म्हणाला. "आईला सांगा, तिकिटं दारावर ठेवलीत. आता सामना होईपर्यंत फोन काढून घेतात आमचे."

मास्तरांनी फोन ठेवला आणि बायकोकडे पाहिलं. "बरं झालं म्हणे. घाबरलाय तो. ऐन वेळी त्याच्याच हाताखाली चेंडू मेला तर लोक फाडून खातील त्याला. बापाला बोल लागू नये म्हणून गिळतोय."

"असं तो म्हणाला?"

"म्हणायला कशाला हवं? बाप आहे मी."

"सत्तावीस वर्षं लाकडाशी बोलताय," बायको म्हणाली. "कधी माणसालाही विचारत चला."

दुसऱ्या दिवशी सकाळी संघ सरावाला आला. मास्तर दाराशी बसून बघत होते. तासभरात मुलाने त्या फळीकडे एकदाही चेंडू नेला नाही. नुसती नजर टाकायचा आणि फिरवायचा. केवढी ती धास्ती, मास्तरांना वाटलं. आणि ही आपण अर्ध्या बादली पाण्याने विकत घेतलेली.

दुपारी सजावटवाले जेवायला गेले. मास्तरांनी फळी उचलली. खाली पाचर ठोकली, पट्टी पातळीत आणली, फळी बसवली, स्क्रू पिळले, तेलाचा हात दिला. मग चेंडू टाकून पाहिला. टण्ण. कमरेच्या वर.

पुन्हा टाकला. मग उगाच आणखी चारदा.

मुलाला निरोप धाडायचं मनात आलं. पण जिंकल्यावर सांगू, तेवढीच गोडी, असं म्हणून त्यांनी हत्यारं आवरली. आयुष्यात एकदाच केलेली लबाडी वेळेत निस्तरली, म्हणून त्या दिवशी ते दोन पोळ्या जास्त जेवले.

शेवटचे सहा सेकंद उरले तेव्हा घरचा संघ एका गुणाने पुढे होता. चेंडू पाहुण्यांच्या ताडमाड गड्याकडे, रोख दाराजवळच्या बास्केटवर, आणि मध्ये एकटा मास्तरांचा मुलगा. त्याने मधली वाट अडवली. भिंतीकडची सताड उघडी सोडली.

"मास्तर, तुमच्या मुलाला झालंय काय?" व्यवस्थापक शेजारून म्हणाला. "वाट देतोय तो त्याला."

मास्तर मुलाचे पाय बघत होते. मुलगा मागे सरत होता, खाली न बघता, पावलं मोजल्यासारखा. ताडमाड गडी मोकळ्या वाटेने सुटला. बास्केट तीन पावलांवर राहिलं.

त्याने चेंडू आपटला, आणि चेंडू फळीला लागायच्या आतच मुलगा खाली झेपावला होता, तळहात उघडा, बरोबर गुडघ्याच्या उंचीवर.

टण्ण. चेंडू त्याच्या डोक्यावरून गेला.