भस्माची तीन बोटं

निजामी अमलात मुरुमचा रेवणप्पा गुलबर्ग्याला इंटरला प्राणिशास्त्र शिकत होता. पहिल्या सुट्टीत त्याच्या पेटीतली चाकू-कात्री बघून त्याची आई, अव्वा, हबकली. ती मुंग्यांनाही साखर घालणारी लिंगायत बाई. "बेडकं चिरतो" हे त्याच्या ओठावर आलं, पण हात गळ्यातल्या इष्टलिंगाकडं गेला आणि तो बोलून गेला, "दुखणाईत बेडकं बरी करायला शिकवत्यात, अव्वा."

तेव्हापासून तो निघाला की अव्वा पेटीवर भस्माची तीन बोटं ओढायची. गल्लीभर सांगायची, "माझं लेकरू मुक्या जिवांचा हकीम हाय." रेवणप्पा मान खाली घालायचा. लोकांना वाटायचं, पोरगं लाजाळू आहे.

या सुट्टीत एका सकाळी अव्वा विहिरीवरून धावत आली. ओल्या पदरात बेडूक होता. मोटेखाली सापडून त्याचं पोट फाटलं होतं, पण गळा अजून हलत होता.

"रेवण्या, लवकर बरं कर याला," म्हणत तिनं त्याला पाटावर ठेवलं आणि पेटी स्वतःच उघडून दिली.

आतलं काळीज कुठं, आतडं कुठं, रेवणप्पाला सगळं तोंडपाठ होतं. तो पेटीत उगाच हात फिरवत राहिला.

अव्वानंही आत डोकावून पाहिलं. "चिरायचं समदं हाय हितं," ती हळूच म्हणाली. "शिवायचा सुई-दोरा कुठाय रं?"

अव्वानं झाकण लावलं आणि त्याच ओल्या पदरानं पेटीवरचं भस्म पुसून टाकलं.