चौतीस आणि एक्केचाळीस

"जुन्याच्या पाच झाल्या. आता नव्याच्या," मामा म्हणाले आणि त्यांनी शिकंज्याची मूठ आवळली.

खरेदी खात्याचे साहेब कानांवर जाड झापडं चढवून मागे उभे होते. पिस्तुलं दोन्ही याच कारखान्याची, दोन्ही अर्धस्वयंचलित. एक जुन्या बनावटीचं, एक नव्या. साहेबांच्या खात्याला हजारभर हवी होती आणि कुठली घ्यायची ते आज ठरायचं होतं. पद्धत ठरलेली. माणसाचा हात हलतो, म्हणून पिस्तूल शिकंज्यात धरायचं, पंचवीस मीटरवरच्या कागदावर पाच गोळ्या झाडायच्या आणि सगळ्यांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर मोजायचं. अंतर जितकं कमी तितकं पिस्तूल चोख.

हे मोजण्यात मामांची एकतीस वर्षं गेली होती. अख्खा कारखाना त्यांना मिलिमीटरमामा म्हणायचा. घरी भिंतीवर फोटो टांगायचा तरी मामा आधी पट्टी शोधायचे.

फक्त गेल्या वर्षापासून त्यांचे डोळे दगा देत होते. पट्टीवरच्या रेघा एकमेकींत मिसळायच्या. कारखान्याचा नियम असा की परीक्षकाची नजर चष्म्याविना चोख हवी. चष्मा लागला की रवानगी पॅकिंगला, खोक्यांत फोम भरायला. निवृत्तीला दोन वर्षं उरलेली असताना मामांना फोम भरायचा नव्हता. म्हणून त्यांनी युक्ती काढली होती. आडोसा बघून भोकांवर बोट फिरवायचं आणि बोटानंच मोजायचं. बोट अजून तरुण होतं.

ही गोष्ट फक्त बायकोला ठाऊक होती.

"अहो, सांगून टाका एकदाचं," ती सकाळीच म्हणाली होती. "आज शर्ट उलटा घालून निघाला होतात."

"शर्ट कोण मोजतंय?" मामा म्हणाले होते.

डोळे तपासणीची नोटीस लागणार, असं आठवडाभर कानावर येत होतं. अजून लागली नव्हती, तेवढाच काय तो दिलासा.

नव्याच्या पाच गोळ्या झाल्या. स्टोअरच्या ताई कागद आणायला गेल्या आणि मामा साहेबांना आपल्या खोलीत घेऊन आले. दारात साहेब थबकले.

"नमस्कार. तुम्ही बसा ना," ते दाराशेजारच्या गृहस्थांना अदबीनं म्हणाले.

मामांना तिथं खाकीतलं कुणीतरी टोपी घालून उभं दिसलं. साहेबांच्याच बरोबरचा माणूस असेल, असं समजून त्यांनीही हात जोडले. गृहस्थ भलतेच अबोल होते.

इतक्यात हेडक्लार्क लगबगीनं आत आले आणि टेबलावर दोन कागद ठेवून म्हणाले, "मामा, बघून दोन्हींवर सही करा. वरून घाई आहे." आले तसेच ते निघूनही गेले.

ताईंनी त्यांच्या हाती धाडले असणार, असं मामांना वाटलं. त्यांनी हात पुढे केला, पण साहेबांनी दोन्ही कागद आधीच उचलले होते. साहेबांच्या नाकासमोर बोट कसं फिरवणार?

साहेबांनी एक कागद हातभर लांब धरला, मग नाकापाशी आणला, मग मान डोलावली.

"वा," ते म्हणाले. "तुमचं काय मत?"

"आपण बोला, साहेब."

"छे, तुम्ही एकतीस वर्षं हेच बघताय. मी आपला आकडा ऐकणार."

मामांनी डोळे बारीक केले. मधोमध काळा गोल दिसत होता, भोवती काळे ठिपके, थोडे विस्कटलेले. पुढचं सगळं धुकं. पण नव्या पिस्तुलाचा आवाज कसा टणक निघाला होता. मामांनी कानावर भरवसा ठेवला.

"नव्याचे चौतीस मिलिमीटर."

"मलाही चौतीसच वाटत होते," साहेब चटकन म्हणाले. "आणि या जुन्याचे?"

"एक्केचाळीस."

"अगदी बरोबर. जरा उजवीकडे झुकलेत."

"उजवीकडेच," मामा म्हणाले. त्यांच्या जिवात जीव आला.

"आणि ही एक गोळी बघा, कशी बाजूला सुटलीय."

"पहिली असणार. नळी थंड असते ना, पहिली अशीच भरकटते."

साहेबांनी पुन्हा मान डोलावली. मामांनी जाड पेनानं दोन्ही कागदांवर आकडे लिहिले, खाली सह्या केल्या. साहेबांनी शिक्के मारले. एक शिक्का अर्धा टेबलावर उमटला.

"ठरलं तर, नवंच घेऊ," साहेब म्हणाले. "चोख नजर आहे तुमची, मामा. असे परीक्षक हल्ली राहिले नाहीत."

दोन वर्षं आता सहज निघतील, असं वर्षभरात पहिल्यांदाच त्यांना वाटलं.

"तुमच्याकडे ते डोळे तपासणीचं कधी आहे हो?" साहेबांनी सहज विचारावं तसं विचारलं.

"नोटीस लागायचीय अजून."

"आमच्याकडेही काढलंय म्हणे. उगाच लोकांचा वेळ घालवतात."

"उगाचच," मामा मनापासून म्हणाले.

तेवढ्यात ताई धापा टाकत आत आल्या. येतायेताच त्यांनी दाराशेजारच्या गृहस्थांना खुंटीवरून काढलं, झटकलं आणि अंगात घातलं.

"मामा, शेजारच्या लेनमध्ये गोळीबार चालू होता, लाल दिवा आत्ता कुठं विझला. हे घ्या तुमचे भोकं पडलेले दोन कागद," असं म्हणत त्या टेबलाशी आल्या आणि वाकून बघू लागल्या. "आणि डोळे तपासणीच्या नोटिशीवर, या डोळ्याच्या चित्राखाली, चौतीस मिलिमीटर कुणी लिहिलंय?"