हाताची चव

मी उकडून कुस्करलेला भोपळा भरवायला बसले, की आमचा सात महिन्यांचा लेक तो फुर्रकन माझ्याच तोंडावर उडवायचा. सासूबाई बसल्या की तीच वाटी चाटूनपुसून साफ. "पुस्तकं वाचून मुलं जेवत नाहीत गं, हाताला चव लागते," त्या म्हणायच्या. मला राग यायचा. पण पोर खातंय ना, म्हणून गप्प बसायचे.

सोमवारी त्याला मान धरता येईना. रडला तरी आवाज फुटेना. दवाखान्यात डॉक्टरांनी पहिलंच विचारलं, "मध चाटवला होतात का? वर्षाच्या आत तो बाधतो, कधीकधी जिवावर बेततं."

"छे! काय काय द्यायचं नाही ते मी फ्रिजवर लिहूनच लावलंय," मी तडकून म्हणाले. सासूबाई फरशीकडे बघत उभ्या होत्या.

मग डॉक्टर दुसरंच काहीतरी शोधत बसले. मेंदूचा फोटो झाला, रक्त झालं, पाठीतलं पाणी काढून झालं. तीन दिवस गेले. आज सकाळी लेकाला श्वासासाठी मशीनवर ठेवलं.

बाहेरच्या बाकावर मला रडू आवरेना. "आई, तो घरी आला की तुम्हीच भरवा. माझ्या हाताला चवच नाही."

सासूबाईंनी माझा हात घट्ट धरला.

"माझ्याही नाही गं. मी चमचा मधात बुडवत होते."