छातीतली शिट्टी

हिंजवडीच्या कंपनीत सॉफ्टवेअर लिहिणारा दत्तप्रसाद बिबवेवाडीतल्या त्याच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. कोरोना आला तसा तो शिट्टी घेऊन स्वतःच गेटवर उभा राहू लागला.

एका संध्याकाळी तिसऱ्या मजल्यावरची नर्स अपेक्षा कोरोना वॉर्डातल्या ड्यूटीवरून परतली. त्याने शिट्टी फुंकली.

"आपण कोण?"

"अहो दादा, मी अपेक्षा. तुमच्या डोक्यावरच राहते."

"या नावाचं इथे कोणी राहत नाही."

गॅलऱ्यांतून टाळ्या पडल्या. एकीने तर थाळीही वाजवली. अपेक्षा बॅग उचलून निघून गेली.

महिन्याभरात दत्तप्रसाद आयसीयूत पोचला. पलंगाशी उभी अपेक्षाच. त्याने लाजेने तोंड फिरवलं. धाप लागली होती, म्हणून ते खपून गेलं.

डॉक्टर म्हणाले, "विषाणू फारसा उरलेला नाही. तुमची प्रतिकारशक्तीच चवताळलीय. आपलं कोण, परकं कोण, तिला कळेनासं झालंय. तुमचीच फुप्फुसं झोडपतेय."

ते गेल्यावर अपेक्षाने त्याच्या छातीला स्टेथोस्कोप लावला आणि दचकून काढला.

"दादा, आत शिट्टी कोण वाजवतंय?"

शिट्टी तर घरी, चपलांच्या कपाटावर होती.

ती पुन्हा वाजली. या वेळी त्यालाही ऐकू आली, फासळ्यांच्या मागून. पाठोपाठ त्याच्याच आवाजात प्रश्न आला, "आपण कोण?"

अपेक्षाकडे बघायची हिंमत होईना. त्याने ऑक्सिजनचा मास्क जरा सरकवला आणि अगदी हळू म्हणाला, "मी दत्तप्रसाद. इथेच राहतो."

"या नावाचं इथे कोणी राहत नाही," आतून उत्तर आलं. मग टाळ्या सुरू झाल्या.