पाचवं घर

“द्वारकाकाकू, आज आमचं घर घरात जमा हाय व्हय?”

विचारलं! उमादेवीनं खरंच तोंडावर विचारलं. समोरच्या ओट्यावर बसलेल्या तिच्या मैत्रिणींनी, अस्मितानं आणि श्रियानं, ओढण्यांचे बोळे तोंडात कोंबले. कालच त्या दोघींनी पैज लावली होती, ‘दम असंल तर इचारून दाखव.’ दम? दहावीत गेल्यापासून उमादेवीकडं दुसरं होतंच काय!

द्वारकाबाई दारात उभ्या होत्या. कपाळभर मळवट, गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी. दर मंगळवारी तुळजापुरात पाच घरी जोगवा मागायचा हा त्यांचा नेम. पाच घरचं पीठ मिळाल्याशिवाय त्यांची चूल पेटत नसे. गल्लीत घरं चिकार, पण त्यांची पाच ठरलेली. त्यांत बांगडीवाल्या तेलुगू मावशी नव्हत्या, पेढेवाले मारवाडीकाका नव्हते. पाणीपुरीवाला बिहारी आणि मोमोवाला नेपाळी तर खिजगणतीतच नव्हते. आणि उमादेवीचं घरही नव्हतं.

तिचे अप्पा मल्लिकार्जुन कर्नाटकातल्या आळंदहून इथं आले आणि त्यांनी कडक भाकरीचं दुकान टाकलं. पहिल्याच मंगळवारी गल्लीत ‘जोगवाऽ’ अशी हाक आली. अव्वा, उमादेवीची आई, हातातलं काम टाकून धावली. डोक्यावर पदर, हातात सूपभर ज्वारीचं पीठ. द्वारकाबाई तिच्यासमोरून पुढं निघून गेल्या. जाता जाता म्हणाल्या, “भायेरून आलेल्यांचं घर आमी घरात मोजत न्हाय.” अव्वा सूप धरून तशीच उभी राहिली. मग डोळे पुसत आत आली आणि म्हणाली, डोळ्यात पीठ गेलं. उमादेवी तेव्हा लहान होती, बावळट नव्हती. तो मंगळवार तिनं लोणच्यासारखा मुरवत ठेवला होता.

आणि आज बरणी उघडायची वेळ आली. वरच्या अंगाची घरं रस्ता रुंदीकरणात गेली होती. ठरलेल्या पाचांतले विष्णुपंत गुरुजी कुलूप लावून पुण्याला पोराकडं गेले होते. द्वारकाबाईंची कशीबशी चार घरं झाली. गल्लीत आता उरली होती ती सगळी ‘भायेरची’.

“ऊन चढलं पोरी. आईला म्हण, वाढ.”

“तुमच्या गुरुजींचं बरं चाललंय का पुण्यात? तिथं त्ये बी भायेरचेच की. त्यांचं घर कोण मोजतंय का, जरा फोन लावून इचारा.”

ओट्यावर कुणीतरी फिस्सकन हसलं. द्वारकाबाईंचा चेहरा मळवटाच्या रंगाचा झाला. उमादेवीनं कवाडाला हात घातला. आता एकच धक्का, धाडकन! इतक्या वर्षांचं सगळं त्या एका आवाजात फिटणार होतं.

पण कवाड हललंच नाही. मागून अव्वानं धरलं होतं. दुसऱ्या हातात सूप, काठोकाठ भरलेलं.

“सरक उमा. मागणाऱ्याला न्हाय म्हणायचं नसतं.”

अव्वानं द्वारकाबाईंना हळदीकुंकू लावलं आणि सूप पुढं केलं. द्वारकाबाईंनी परडी बाजूला घेतली, पदर पसरला. पीठ पदरात पडलं. अव्वा पाया पडली. द्वारकाबाई ‘उदो उदो’ पुटपुटत पायऱ्या उतरल्या.

उमादेवी तीन-तीन पायऱ्या चढत गच्चीवर पळाली. परडी असताना पदर कशाला? तिला ते बघायचंच होतं. कोपऱ्यावर गेल्यावर द्वारकाबाईंनी मागं-पुढं पाहिलं आणि पदरातलं सगळं पीठ उकिरड्यावरच्या गाईपुढं झटकलं. मग परडी सावरून चूल पेटवायला घरी गेल्या. मोजायला पाचवं घर, खायला नाही!

उमादेवीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण दुपारी अप्पा दुकानातून जेवायला आले तोवर ती चुलीपुढं बसून एकटीच हसत होती.

“अप्पा, अव्वा, ऐका. येत्या शुक्रवारी म्या परडी घेनार. पाच घरी जोगवा मागनार.”

अप्पांचा घास हातातच राहिला. “कुणाची पाच घरं, उमा?”

“बांगडीवाल्या मावशी, मारवाडीकाका, पाणीपुरीवाला आन् मोमोवाला. चौघांचं पीठ परडीत एक झालं की पाचवं दार द्वारकाकाकूंचं. मागणाऱ्याला न्हाय म्हणायचं नसतं ना? मंग? त्यास्नी वाढावंच लागंल.”

अव्वा हसली. “आणि मिळणार काय तुला? मूठभर पीठ?”

“पीठ नकोच मला. त्या पाच घरच्या पिठाची भाकरी तू थापायची, अव्वा, तुझ्या हातानं. पयला तुकडा म्या द्वारकाकाकूंच्या हातावर ठेवनार, आन् त्यांनी गिळूस्तोवर दारातनं हलनार न्हाय. देवीचा परसाद हाय. त्याला बी न्हाय म्हणायचं नसतं.”